भुऱ्याची शिकवणी

कोकिळेने खुंटीवरची पिशवी उचलली आणि भुऱ्याने गळा काढला. असा काढला, की नवरा बापूराव तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता उठले, सासू धुरपताबाई न्हाणीतून ओल्या पायांनी आल्या आणि शेजारीपाजारी कुंपणाशी जमा झाले.

"कुठी चालली वं?" बापूरावांनी विचारलं.

"कुठी नाई." कोकिळेने पिशवी परत खुंटीला अडकवली. भुऱ्या लगेच गप्प. वर शेपटी हलवायला लागला.

तिला जायचं होतं वर्ध्याला. तिथल्या मुलींच्या वसतिगृहात आचलने, तिच्या भाचीने, स्वयंपाकाचं काम पाहून ठेवलं होतं. राहायला खोली होती. बापूराव "नाई" म्हणाले होते. कारण दिलं नाही. कारण द्यायची त्यांना जन्मात गरज पडली नव्हती. तसं अल्लीपुरात ते चांगलं घर होतं. मार नव्हता, उपासमार नव्हती, लेकरं आपापल्या संसाराला लागलेली. फक्त बाईने फाटकाबाहेर पाय टाकला की जाब द्यावा लागे, आणि पुरुषाला कोणी विचारलं तर त्याचा अपमान होई. एवढ्यालाच लोक चांगलं घर म्हणतात. म्हणोत.

कुत्र्याला काय दोष द्यायचा? म्हातारं झालेलं, एका डोळ्यात फूल पडलेलं. कोकिळा दिसली नाही की त्याचा जीव जाई. ते फक्त ओरडत होतं. अडवणारे दोन पायांचे होते. आणि भुऱ्याला टाकून जाणं तिच्याने होणार नव्हतं. वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या होत्या, कुत्रं मागच्या अंगणात ठेवा, पण तुम्ही चुलीपाशी असताना ते पिंजऱ्यात गप बसलं पाहिजे.

"मावशी, त्याले शिकव ना," आचल फोनवर म्हणाली. "म्हातारं कुत्रंही शिकते. पिंजरा त्याले आपलं घर वाटलं पाहिजे. अन् रोज पिशवी उचलाची, चप्पल घालाची, थोडं दूर जाऊन वापस याची. पिशवी उचलली म्हणजे मावशी चालली, हे त्याच्या डोक्यातून निघालं पाहिजे."

परसात मोडका कूलर पडून होता. आतला पंखा, मोटर कधीच भंगारात गेले होते. उरली होती पत्र्याची पेटी आणि तिच्या बाजूंच्या जाळ्या. कोकिळेने एक जाळी दार म्हणून ठेवली, आत जुनं पातळ अंथरलं, कोपऱ्यात भाकरीचा तुकडा टाकला. भुऱ्या आधी भाकर ओढून बाहेर पळाला. मग आत उभा राहून खायला लागला. मग बसून. आणि एका दुपारी भाकर नसतानाच आत जाऊन चक्क घोरायला लागला. कोकिळेने जाळी लावली, पिशवी उचलली, फाटक वाजवलं. भुऱ्याने चांगला डोळा किलकिला केला आणि मिटला.

"माणसाईले कूलर नाई अन् कुत्र्याले कूलर," धुरपताबाई म्हणाल्या.

शिकवणी चालूच राहिली. पिशवीत कोकिळेने चिंध्या भरल्या होत्या. पहिल्यांदा सासूने पिशवी उलटी करून एकेक चिंधी पाहिली. पुढच्या वेळी नुसतं वरून चाचपलं. नंतर मेथी निवडता निवडता मान वर न करता विचारायच्या, "आली का वं माहेराहून?" बापूराव आधी फाटकापर्यंत मागे येत. मग ओसरीवरून पाहत. पुढे टीव्हीवरची नजरसुद्धा काढेनात. कोकिळा चौकापर्यंत जाई, परत येई, पिशवी खुंटीला लावी आणि भांड्यांना लागे.

मग तिने त्याला गाडीची सवय लावायला घेतली. शेजारचा स्वप्निल दुपारी भाजीचा टेम्पो घेऊन वर्ध्याच्या बाजाराला निघे. निघायच्या आधी तो कूलर, कुत्रं आणि काकू यांना गाडीत घालून चौकाला एक फेरी मारून आणी. पहिल्या दिवशी बापूरावांनी कूलरला हात लावला नाही. मग एक बाजू धरायला लागले.

"पुऱ्या गावात इज्जत घालवून राह्यली माही," असं कुरकुरत धरत. पण धरत.

त्या दुपारीही धरली. वांग्यांच्या कॅरेटशेजारी कूलर टेकवला, हात झटकले. कोकिळा पिशवी घेऊन पुढे बसली. पिशवी आज चांगलीच जड होती. कोणी चाचपली नाही.

"येतांना खर्रा आणजो," बापूराव पाठमोरे बोलले. आत मॅच लागली होती.

"फाटक लावून घेजा," कोकिळा म्हणाली.

चौक आला. स्वप्निलने सवयीने गाडी वळवायला घेतली.

"सरळ घे बाबू."

त्याने तिच्याकडे पाहिलं. पिशवीकडे पाहिलं. गाडी सरळ घेतली. गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना पिवळ्या फुलांवर आलेल्या तुरी लागल्या. कोकिळेने काच खाली केली, पदराच्या गाठीतली बोरं सोडली आणि मूठभर त्याच्यापुढे धरली. गाडीने खड्डा खाल्ला तरी मागून आवाज नाही.

"शिकलं बरं काकू, कुत्रं," स्वप्निल बोर चघळत म्हणाला. "पण लय टाइम घेतला त्यानं."

"कुत्रं तं तवाच शिकलं होतं, भाकरीच्या तुकड्यावर." कोकिळेने बोराची बी खिडकीबाहेर थुंकली. "घरच्याईले टाइम लागला."