गल्लीतलं जास्तीचं घर

"आणि हे माझं घर," असं म्हणून पोस्टमनने कागदावर चौकोन काढला. साफ खोटं होतं ते. एकतीस वर्षं त्याने त्या गल्लीत पत्रं वाटली, पण राहायला होता पोस्टाच्या मागच्या खोलीत. घर कसलं नि काय!

खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे त्याचे कान तापले. पण करतो काय? लढाई थांबून दोन वर्षं झाली होती. ओस पडलेलं गाव पुन्हा उभारायचं ठरलं होतं, पण गावचं सगळं दप्तर जळून गेलेलं. म्हणून नियम निघाला, की ज्याने त्याने आपलं घर आठवून काढायचं आणि शेजाऱ्याने सही करायची. ज्याचं घर नकाशावर, तो गावात परत. बाकीच्यांची म्हणे दुसरी यादी होणार होती. ती यादी अजून कोणी डोळ्यांनी पाहिली नव्हती. पोस्टमन अडुसष्ट वर्षांचा. तिची वाट बघत बसला असता, तर या परक्या शहरात पुतण्याच्या व्हरांड्यातच संपला असता.

नकाशा करणाऱ्या मॅडम डोक्याला हात लावून बसल्या होत्या.

"आजोबा, गल्ली आम्ही मोजून आणलीय. एकशे ऐंशी मीटर. लोकांनी काढलेली घरं जोडली, तर दोनशे चाळीस होतात! जो तो आपलं घर ऐसपैस काढतोय. तुम्हाला घरांचा क्रम पाठ, म्हणून मुद्दाम बोलावलं, तर तुम्ही आणखी एक वाढवलंत."

"होतं म्हणून काढलं," पोस्टमन पुटपुटला.

"गिरणी आणि शिंपीणबाई यांच्या मध्ये?"

त्याने मान हलवली. गिरणीवाला लढाईत गेला होता, म्हणजे एकट्या शिंपीणबाईचीच सही लागणार. पण खरं सांगायचं तर त्याने एवढा विचार केलाच नव्हता. हात आपसूक तिथे गेला. शिंपीणबाईचा नवरा लवकर वारला, तेव्हापासून ती मशीनवर पोट भरायची. तिला वर्षाकाठी दोन पत्रं यायची, तीही बहिणीची. तरी हा बाबा रोज तिच्या दारात थांबून सांगायचा, "आज काही नाही हं." पत्र नाही हे सांगायला कुठला पोस्टमन थांबतो हो? ती मशीन न थांबवता म्हणायची, "मग उभे का? पाणी पिऊन जा." त्यापुढे एक शब्द बोलायची त्याची कधी छाती झाली नाही. आता त्या एका "पाणी पिऊन जा"साठी त्याचा जीव तुटत होता.

मॅडमनी बाहेरच्या रांगेतून शिंपीणबाईला आत बोलावलं. ती आली आणि दारातच थबकली.

"अगं बाई, तुम्ही आहात! किती जणांना विचारलं मी तुमच्याबद्दल!"

मॅडमनी कागद तिच्यापुढे सरकवला. "तुमच्या शेजारी यांचं घर होतं का? नीट आठवून सांगा. खोटं निघालं तर दोघांचीही नावं कटतील."

शिंपीणबाईने चष्मा लावला. कागदावर वाकून बराच वेळ बघितलं. मग मान वर करून पोस्टमनकडे बघितलं. त्याने नजर खाली वळवली. आपल्यापायी हिचंही घर जायचं, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नव्हतं," ती म्हणाली. "माझ्या शेजारी घरबीर काही नव्हतं. खोडून टाका ते."

मॅडमनी खोडरबर उचललं. पोस्टमन कसाबसा उठला. रागवावं असं काही नव्हतं, ती खरं तेच बोलली होती. तो दाराकडे निघाला.

"अहो, निघालात कुठे?" शिंपीणबाई मागून ओरडली. मग मॅडमकडे वळली. "वय झालंय, आठवत नाही त्यांना. लिहा तुम्ही. हे माझ्याच घरात राहायचे."