बाजेवरून टाकलेला चेंडू

सेनगावच्या शाळेत शिवकन्याइतकी जोरात बॅट फिरवणारी दुसरी पोरगी नव्हती. पण बेसबॉलचा चेंडू निघून गेल्यावर तिची बॅट यायची. कदम सरांनी महिनाभर तिची पकड बदलली, पाय बदलले. फरक पडेना.

"घरी चेंडू कोण टाकतं गं तुला?" एक दिवस त्यांनी विचारलं.

"बाबा. आजारी हायेत ना, बाजेवर बसून टाकतेत."

"मग असंच होणार. हळू चेंडूची सवय लागली तुला. घरची प्रॅक्टिस बंद कर, आठ दिवसांत टायमिंग बराबर येईल."

"न्हाई जमायचं, सर."

"काहून?"

"दिवसभर पडून राहतेत. मी शाळेतून आले की तेवढ्यासाठीच उठून बसतेत."

सर पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत.

दिवाळीनंतर शिवकन्या पंधरा दिवस शाळेत दिसली नाही. बाबांचं तेरावं झालं अन् दुसऱ्या दिवशी ती मैदानावर येऊन उभी राहिली. सरांनी चेंडू टाकला. बॅट अगदी वेळेवर आली, चेंडू कुंपणापार गेला. पोरींनी टाळ्या वाजवल्या.

शिवकन्या तिकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "सर, एक हळू टाका ना."