काचेपलीकडची इचलकरंजी

हॉलमधल्या, दुसरं जग दाखवणाऱ्या काचेसमोर रावसाहेब मगदूम चौथ्या दिवशीही ठाण मांडून बसला होता. काचेत इचलकरंजीच दिसत होती, पण मंदीत सरकारने पैसा ओतला असता तर झाली असती तशी. तिकडचे माग धडधडत होते. इकडचे दोन वर्षं बंद होते.

“तो शिवगोंडा बघ,” तो बायकोला म्हणाला. “इकडं माझ्याबरोबर कट्ट्यावर बसून माशा मारतोय, अन् तिकडं मुकादम झालाय!”

“आणि तुम्ही?” आक्काताईने विचारलं.

“हुडकतोय. असेल की तिकडं कुठंतरी ऐटीत, मेला!”

तिकडच्या स्वतःवर तो सगळ्यात जास्त जळत होता. तिकडं मागावरची पाळी सुटली. डबे घेऊन सगळी गल्ली बाहेर पडली. तिकडचा रावसाहेब त्यांच्यात नव्हता.

“हॉलमध्ये बघा बरं,” आक्काताई म्हणाली.

त्याने काचेची कळ फिरवली. तिकडच्या हॉलमध्ये, अशाच काचेसमोर, तिकडचा रावसाहेब एकटाच बसला होता. त्याच्या काचेत इकडचा कट्टा दिसत होता, रिकाम्या माणसांनी भरलेला.

“नशीबवान आहे लेकाचा,” इकडच्या रावसाहेबाबद्दल तिकडचा दातओठ खात म्हणाला. “त्याला कुणी विचारत नाही, तूच तेवढा बेकार कसा राहिलास म्हणून.”