तिसरं पान

वाचनालयाची हेमांगी स्मृतिभ्रंश झालेल्या वाचकांच्या घरी जायची. तिने मालिनीबाईंच्या कपाळाला पट्टी बांधली आणि त्यांनी तरुणपणी वाचलेली कादंबरी वाचायला घेतली. एखादं पान पहिल्यांदा वाचलं तेव्हाचे क्षण ही पट्टी मेंदूत पुन्हा जागे करायची.

मालिनीबाईंची मुलगी वृंदा त्यांच्या पायाशी बसली होती. नवरा, गजाननराव, बायकोला संत्र्याची फोड भरवत होते.

तिसऱ्या पानावर मालिनीबाई किंचाळल्या, "मारू नका हो! पुस्तक बंबात टाकू नका!"

त्यांनी दोन्ही हातांनी डोकं झाकलं. मग शेजारचा पितळी तांब्या उचलून त्यांनी गजाननरावांच्या तोंडावर हाणला. भुवई फुटली. दुसरा घाव चुकवायला गजाननरावांनी हात वर केला, तर बोटाचं हाड मोडल्याचा आवाज आला. हेमांगीने मालिनीबाईंच्या हातातून तांब्या कसाबसा हिसकावला.

"बाबा, आई काय म्हणत होती?"

"भास होतात तिला."

"या पट्टीने भास होत नाहीत," हेमांगी हळूच म्हणाली.

गजाननराव रक्त पुसत राहिले. "काढा ती पट्टी. सगळं विसरली होती, सुखात होती."

मालिनीबाई धडपडत वृंदाच्या पुढे आडव्या उभ्या राहिल्या. दोन वर्षांत त्यांनी मुलीला ओळखलं नव्हतं.

"वृंदे, तू मागच्या दाराने पळ. मी बघते यांच्याकडे."

लहानपणी याच हाकेवर आपण एकटीच पळालो होतो, हे वृंदाला आठवलं. हेमांगीचा हात पट्टीकडे गेला. वृंदाने तो अडवला आणि आईचं मनगट घट्ट धरलं.

"पळू या, आई. या वेळी दोघी."