दुसरा बाण

सकाळपासूनची ही सातवी मांडी होती. भूलतज्ज्ञ मॅडमनी डाव्या जांघेत जेल लावून सोनोग्राफीचा प्रोब टेकवला. पडद्यावर धमनी धडधडत होती आणि तिच्या बाहेरच्या अंगाला पांढुरका मज्जातंतू दिसत होता. तो बधिर केला की ऑपरेशननंतर गुडघा फारसा ठणकत नाही. सुई टोचण्याआधी मॅडम प्रत्येकाला "कुठला पाय?" असं विचारायच्या. आज तेवढंही बोलायचा कंटाळा आला. ऑपरेशनच्या पायावर काढतात तो निळ्या पेनाचा बाण मांडीवर होताच की!

"दोन्ही गुडघे आजच उरकताय का?" टेबलावर झोपलेल्या आजींनी विचारलं. "बरं झालं बाई."

मॅडमचा हात थबकला. त्यांनी उजव्या पायावरची चादर सारली. तिथेही बाण होता, चांगला ठळक. शाई ओली असतानाच आजी मांडीला मांडी चिकटवून झोपल्या असणार. डावीकडे उमटला होता तो नुसता ठसा.

सुई ट्रेमध्ये ठेवून मॅडम स्टुलावर बसल्या. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तो प्रश्न गाळला होता. सकाळपासून पोटात चहासुद्धा नव्हता.

"कुठला पाय, आजी?"

"उजवा." आजींनी त्यांचा उतरलेला चेहरा पाहून हात धरला. "पण आधी दोन घास खाऊन ये. या गुडघ्यांनी मी कुठं पळून जातेय?"