दोरीपलीकडची सहल

"तोंड उघडा," डॉक्टरीणबाई पुन्हा म्हणाल्या.

खुर्चीतल्या वनरक्षकाने ओठ आणखी घट्ट मिटले. उजवा गाल सुजून डोळ्याला टेकायला आला होता. रात्र रात्र झोप नव्हती. समुद्रकाठच्या राष्ट्रीय उद्यानात हिवाळ्यात कासवं वाळूत अंडी घालायला येतात आणि तो किनारा त्याच्या राखणीत होता. कासवं आता येऊ लागणार, आणि हा दाढ धरून घरात पडलेला. अजगर हाताने उचलून बाजूला ठेवणारा माणूस, पण सुई दिसली की हातपाय गळायचे. पहिल्यांदा आला तेव्हा गळ्यात दवाखान्याचा रुमाल तसाच ठेवून पळाला होता. दुसऱ्यांदा हात धुऊन येतो म्हणाला, तो आलाच नाही. म्हणून आज बायको बाहेर दाराला खुर्ची लावून बसली होती. आणि तो वर्दीऐवजी मेहुण्याचा स्वेटर घालून आला होता. पळायची वेळ आलीच, तर निदान वर्दीची अब्रू जायला नको.

डॉक्टरीणबाईंनी उसासा टाकला. सुईचा हात मागे घेतला आणि त्या शेजारी उभ्या असलेल्या मदतनिशीकडे वळल्या. ती त्यांची नणंदच.

"राहू दे. वन्सं, थंडीतल्या सहलीचं काय ठरलं?"

"ठरलं की, वहिनी. समुद्रकाठचं ते राष्ट्रीय उद्यान. मोत्यालाही नेऊ. त्याला वाळू उकरायला भारी आवडतं."

वनरक्षकाच्या भुवया हलल्या.

"पण कुत्रा नेऊ देतात का तिथे?"

"कोण अडवतंय? एक राखणदार असतो म्हणे. दिवसभर झोपा काढतो."

"ओ बाई, तिथं कुत्रा—"

वनरक्षकाने तोंड उघडलं आणि सुई आत गेली. काय झालं हे त्याला कळेपर्यंत बाहेरही आली.

"आता बोलू नका. औषध भिनू दे."

जीभ हळूहळू दुसऱ्या कुणाची तरी व्हायला लागली. मग बाईंनी दातांच्या मध्ये रबराचा ठोकळा बसवला, कापूस कोंबला. वनरक्षकाचं तोंड उघडं राहिलं आणि बोलणं बंद झालं.

"पण वन्सं, तिथे किनाऱ्यावर दोरी बांधलेली असते ना? पलीकडे जाऊ नका म्हणून?"

"दोरी ओले टॉवेल वाळत घालायला असते, वहिनी."

वनरक्षकाच्या घशातून घरघर निघाली. ती दोरी दर हिवाळ्यात तो स्वतः बांधायचा. खुंट्या स्वतः ठोकायचा. गेल्या वर्षी एका भटक्या कुत्र्याने एक घरटं उकरलं, तेव्हा घरात कुणी गेल्यासारखा तो जेवणावरून उठला होता.

"दुखतंय का?" बाईंनी प्रेमाने विचारलं.

त्याने जोरजोरात मान हलवली.

"नाही ना? छान. शेकोटी कुठे करायची मग?"

"दोरीच्या पलीकडेच. ऐसपैस जागा आहे. गाणीही मोठ्याने लावू. आणि आपल्या भाच्याला कासवाचं एक अंडं हवंय. बादलीत ठेवून पिल्लू काढणार म्हणतो."

वनरक्षकाने खुर्चीचे हात आवळले. डोळे नणंदेवर रोखले होते. चिमटा कधी तोंडात गेला, ते त्याने पाहिलंच नाही.

"एकच कशाला?" बाई म्हणाल्या. मनगट जरासं वळलं. "चांगलं पिशवीभर आणू. शेजारीपाजारी वाटता येतील."

"आँऽऽऽ!" वनरक्षक खुर्चीतून अर्धा उठला.

"बसा, बसा. झालं." बाईंनी रबराचा ठोकळा काढून घेतला.

बशीत खण्‌कन आवाज आला. लांब मुळांची दाढ पडली होती. त्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"मी तिथला वनरक्षक आहे!" शब्द कापसातून चावून चावून बाहेर आले, राग मात्र अख्खा आला. "मी! झोपा काढणारा!"

"अगं बाई!" नणंदेने तोंडावर हात धरला.

मग त्याने दोघींना उभ्या उभ्या झाडलं. कुत्रा काय करतो, शेकोटी काय करते. अंड्यातून निघालेलं पिल्लू उजेड दिसेल तिकडे चालतं. तुमच्या शेकोटीला समुद्र समजलं, तर संपलंच. बाई खाली मान घालून ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी मान वर केली.

"मग एरवी त्यांना समुद्र सापडतो कसा? एवढ्याशा जिवांना?"

वनरक्षकाचा आवाज खाली आला. "आभाळाचा उजेड पाण्यावर पडतो ना, त्यावर. या तुम्ही. कुत्र्याला ठेवा घरी आणि या. दोरीच्या अलीकडे उभं करून मी दाखवतो. एकदा पाहाल, तर पुन्हा अंड्याचं नाव काढणार नाही."

"येऊ," बाई म्हणाल्या. हे त्या मनापासून म्हणाल्या.

वनरक्षक छाती काढून बाहेर आला. "बरं झालं आज आलो," बायकोला म्हणाला. "नाहीतर तिथे अनर्थ झाला असता."

"हो ना," ती म्हणाली. त्याला चपला घालायला पुढे पाठवलं आणि स्वतः दारातून हळूच आत डोकावली. "मी सांगितलेल्या कासवांनी काम केलं म्हणायचं, बाई. मोत्याची तर मलाही कल्पना नव्हती."

"मोत्या कुठला? घरात मांजरसुद्धा नाही." बाईंनी नवे हातमोजे चढवले. "वन्सं, पुढे कोण?"

"ग्रंथपाल. ओठ शिवल्यासारखे मिटून बसलेत."

"बोलवा त्यांना. आणि शेगडी पेटवायला कुठलं पुस्तक फाडायचं, ते त्यांच्यासमोरच ठरवू."