सौम्य ब्रेक

नवे ब्रेक आल्यापासून गाड्या हातभर अंतरात थांबत. म्हणून शाळा सुटली की मुलं रस्त्यात गाडीकडे पाठ करून उभी राहायची. जो हलेल तो हरला.

आज मात्र मृदुलाने निघतानाच ब्रेक सौम्य करून ठेवले होते. शेजारी मानेचं ऑपरेशन झालेले तिचे वडील होते. नव्या ब्रेकचा हिसका त्यांना सोसला नसता.

वळणानंतरच्या अरुंद पुलावर लाल रिबिनीची एक मुलगी पाठमोरी उभी होती. मृदुलाने ब्रेक दाबला, हॉर्न दाबूनच धरला.

"अगं, जोराचा ब्रेक लाव! माझ्या मानेचं जाऊ दे!"

"चालत्या गाडीत बदलता येत नाही हो, अप्पा!"

गाडीचा वेग हळूहळू उतरत होता. हॉर्न ऐकून मुलीचे खांदे हसण्याने हलले. पाय हलले नाहीत.